योग करा, पण टाटाची तारीख चुकवू नका



आज जरा रागानेच लिहायला बसले आहे. आमच्या वडप्यात एखाद्या बाईच्या छातीत गाठ निघाली की दोन दिवसांत अर्धा गाव सल्ला द्यायला हजर! "कापाकापी करू नकोस, गाठ पसरते." "केमोने माणूस आधी खचतो, त्यापेक्षा प्राणायाम कर, सगळं विरघळतं." सांगणारा चहा पिऊन निघून जातो. गाठ मात्र तिथेच असते.

आता कोणी म्हणेल, बाई योगाच्या विरोधात गेल्या. मुळीच नाही. शाळेत वर्षानुवर्षे मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले आहेत मी. माझं भांडण आहे ते योगाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या अर्धसत्याशी.

परळच्या टाटा हॉस्पिटलने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्ण बायकांवर एक चाचणी केली. एका गटाला योग शिकवला, तुलनेसाठी दुसरा गट नेहमीचे व्यायाम करणारा. २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. योगाच्या गटात आजार न उलटण्याच्या बाबतीत १५ टक्के आणि जगण्याच्या बाबतीत १४ टक्के सुधारणा दिसली. मोबाईलवर फिरतो तो एवढाच आकडा. पण या बायका टाटामध्ये उपचार घेत होत्या, हे कोणी पुढे पाठवत नाही. योग उपचारांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता.

आणि १५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंधरा जणी जास्त वाचल्या असंही नाही. समजा शंभरात वीस जणींना धोका आहे, तर विसाचे पंधरा टक्के म्हणजे तीन. तीन बायकाही मोलाच्याच. पण त्या तिघींसाठी बाकीच्यांचं ऑपरेशन रद्द करायचं का?

उपचार सोडले तर काय होतं, तेही तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपायांवर राहिलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त आढळला.

"योगाला कसली आलीय परीक्षा!" म्हणणाऱ्यांनी लोणावळ्याला जाऊन यावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. योग तपासून घ्यावा, हे आपल्याच मातीतलं शहाणपण आहे.

सगळ्यात चीड येते ती "आधीपासून योग केला असतास तर ही वेळ आली नसती" या वाक्याची. नियमाने चालणाऱ्या, आसनं करणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो. आजारी बाईच्या माथी अपराध मारणं हा कुठला योग?

तर घरच्यांनो, तिने योग करावा असं खरंच वाटतं ना? मग सकाळचा अर्धा तास तिला मोकळा द्या. डबे तुम्ही भरा, पाणी तुम्ही भरा. टाटामध्ये शिकवली ती सोपी, संथ आसनं, मध्ये मध्ये विश्रांती आणि प्राणायाम. टीव्हीवर बघून शीर्षासन नव्हे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, कर्करोग हाडात गेला असेल तर हाड मोडू शकतं. म्हणून कुठलं आसन करायचं हे तिच्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नव्हे.

आणि तारखेच्या दिवशी सुट्टी टाकून सोबत जा. वडप्याहून ठाण्यापर्यंत हायवेची गर्दी, पुढे लोकल, मग परळची रांग. अख्खा दिवस मोडतो. अशा दिवशी तिच्या हातातली फाईल धरणारं माणूस हवं असतं, सल्ला देणारं नको.

असो. राग आला असेल तर येऊ द्या. पण उद्या तुमच्या नात्यात कुणाला गाठ लागली, तर आधी तिला डॉक्टरकडे न्या. चटई नंतरही अंथरता येते.