खेळातलं चिलखत, शेतातलं चिलखत

ऑनलाइन खेळात तुमचा वीर शिरस्त्राण, चिलखत, हातमोजे चढवतो. समजा, घाव 100 चा आणि चिलखत 60 टक्के अडवणारं. मग जीव 40 नेच घटतो. पण तलवार अडवणारं चिलखत विषापुढे लंगडं पडू शकतं, बरं का!

खऱ्या विषाचंही तसंच. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हे औषध श्वासातून शरीरात जातं, तसंच कातडीतूनही. म्हणून तोंडाला नुसता दुपट्टा पुरत नाही. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, सगळंच हवं.

खेळातला वीर पुन्हा उठतो. बाबा फवारणीला निघाले, की त्यांचं चिलखत मोजून बघा हं! औषधाला मात्र हात लावू नका.