थोडी मोजणी, पूर्ण चित्र: भरवसा किती ठेवायचा?

एमआरआयच्या बोगद्यात अजिबात न हलता पडून राहणं किती जिवावर येतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आता काही ठिकाणी हीच तपासणी पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी वेळात उरकते. मग रुग्ण विचारतात, “डॉक्टर, इतक्या लवकर झाली, म्हणजे नीट केली ना?” प्रश्न रास्त आहे.

वेळ कसा वाचतो? आधी सूक्ष्मदर्शकाचं उदाहरण घेऊ. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत एकेका बिंदूवर फिरवून चित्र तयार करतो. बिंदू जितके जास्त, तितका वेळ जास्त; शिवाय नाजूक नमुना झोतानेच खराब होऊ शकतो. म्हणून निवडक बिंदूच मोजायचे आणि उरलेलं चित्र गणिताने पूर्ण करायचं. ठिपक्यांच्या रांगोळीत काही ठिपके पुसले गेले, तरी नक्षीची पद्धत माहीत असल्याने आपण ती पुरी करतो, तसंच हे.

डेव्हिड डोनोहो, एमान्युएल कँडेस, टेरेन्स टाओ आदी गणितज्ञांनी 2006 मध्ये या विचाराला पक्का पाया दिला. 2007 मध्ये तो एमआरआयसाठी मांडला गेला आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा यंत्रणांना मान्यता दिली. एमआरआय चित्राचे बिंदू थेट मोजत नाही, शरीरातून येणारे संकेत गोळा करतं. पण तत्त्व तेच. म्हणजे तुमची तपासणी लवकर झाली, तर ती उरकून टाकली असं समजू नका. हलण्याने चित्र बिघडण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो.

माझी काळजी वेगळी आहे. आता रिकाम्या जागा भरायला कृत्रिम बुद्धिमत्ताही वापरतात. ती आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून अंदाज बांधते. पण आजार म्हणजेच नेहमीच्या नक्षीत न बसणारी गोष्ट! 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अशा काही पद्धतींमध्ये छोटासा बदल पुसट होऊ शकतो किंवा नसलेली खूण उमटू शकते. आणि चित्र मात्र स्वच्छ दिसतं. धूसर चित्र पाहून डॉक्टर सावध होतो. देखणं चित्र पाहून होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेग हवाच, पण चित्र कोणत्या पद्धतीने तयार केलं, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असावं आणि मूळ मोजणी जपून ठेवावी.

तुम्ही काय करावं? जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या. नेमका त्रास कुठे आणि कधीपासून आहे, ते रेडिओलॉजिस्टला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्रास कायम असेल तर गप्प बसू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा. तुमची तक्रार ही प्रत्यक्ष मोजणीच आहे, ती कुठल्याही यंत्राने अंदाजाने भरलेली नाही.