धूर कोणाचा, भुर्दंड कोणाला?

१ एप्रिल २०२० रोजी भारतात वाहनांच्या धुरासंबंधीचे ‘भारत स्टेज-६’ हे निकष लागू झाले. करोनाच्या साथीमुळे देश घरात कोंडलेला होता, रस्ते ओस पडले होते आणि शहरांवरचे आकाश कित्येक वर्षांनी निवळलेले दिसत होते. त्या दिवसापासून एक इंजिन नव्या गाडीत बसवणे भारतात बंद झाले. मूळ इटलीच्या फियाट कंपनीचे, १२४८ सी.सी. क्षमतेचे हे डिझेल इंजिन ‘मल्टिजेट’ या नावाने ओळखले जाई. पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातील मानेसर येथे ते तयार होत असे. फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत ते होते, टाटांच्या इंडिका व्हिस्टात होते, मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा या गाड्यांत होते. इतक्या गाड्यांत ते बसले की वाहनविषयक नियतकालिके त्याला थट्टेने ‘भारताचे राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागली. आज ते केवळ जुन्या गाड्यांत उरले आहे आणि जुनी गाडी घेणारे अजूनही त्याचा शोध घेत असतात.

यंत्रावरील या मायेला श्रीमंतांचा छंद समजून हसण्यावारी नेणे चुकीचे ठरेल. ज्याने कर्ज काढून डिझायर घेतली, पुणे-मुंबईच्या फेऱ्या मारून तिचे हप्ते फेडले आणि त्याच कमाईवर मुलांचे शिक्षण केले, त्याच्या दृष्टीने ते इंजिन घरातला कमावता माणूस होते. कमी डिझेलमध्ये ते लांब जाई आणि लाखो किलोमीटर चालूनही दगा देत नसे. त्याच्या आवाजावरून दोष ओळखणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावी तयार झाले. त्यांच्यापैकी अनेकांनी कोणत्याही संस्थेत शिक्षण घेतलेले नाही. हाताला लागलेली सवय हेच त्यांचे भांडवल. इंजिन बाजारातून गेले की हे भांडवलही हळूहळू बुडते, आणि त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात होत नाही.

तरीही एक गोष्ट प्रथम स्पष्टपणे मान्य केली पाहिजे : धुराचे नियम कडक करणे आवश्यकच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केला. नव्या निकषांनी डिझेल मोटारीच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर, तर काजळीच्या कणांची मर्यादा ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आणली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर उतरले. ही कपात किरकोळ नाही. मोटारीच्या काचा वर करून बसणाऱ्याला धुराची झळ कमी लागते. चौकात उभा असलेला वाहतूक पोलिस, हातगाडीवाला, रस्त्याकडेच्या झोपडीतील मूल आणि उघड्या रिक्षाचा चालक यांना ती अष्टौप्रहर सोसावी लागते. म्हणून स्वच्छ हवेची मागणी ही मूलतः कष्टकऱ्यांची मागणी आहे. रोजगाराचे नाव पुढे करून धुराची तरफदारी करण्याचा मोह समाजवादी कार्यकर्त्याने कटाक्षाने टाळला पाहिजे.

किंबहुना, या नियमांविरुद्ध खरी तक्रार करायची तर ती त्यांच्या विषमतेविषयी करावी लागेल. २०१० मध्ये ‘भारत स्टेज-४’ निकष प्रथम मोजक्या शहरांत लागू झाले. मुंबई, पुणे आणि सोलापूर ही त्यांत होती. उरलेल्या देशाने त्यासाठी एप्रिल २०१७ पर्यंत वाट पाहिली. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या गाडीची विक्री त्या शहरांत २०१० मध्ये थांबली. परंतु अन्यत्र ती २०१४ च्या आरंभी उत्पादन बंद होईपर्यंत चालू राहिली. शहराच्या फुप्फुसांना जे अपायकारक, ते खेड्याच्या फुप्फुसांना चालते, असाच या व्यवस्थेचा अर्थ होता.

मल्टिजेट इंजिन नेमके कोणी संपवले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. नियमाने डिझेलवर बंदी घातली नव्हती. किती धूर सोडावा एवढेच नियम सांगत होता. इंजिन त्या मर्यादेत बसवण्यासाठी काजळी अडवणारी गाळणी, नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करणारी यंत्रणा, नवी संवेदके असा खर्च करावा लागणार होता. हा खर्च छोट्या गाडीला पेलणार नाही, असे सांगून मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल गाड्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच सुमारास तिने स्वतः विकसित केलेले दीड लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले होते. तेही वर्षभरात गुंडाळले गेले. मात्र मोठ्या, वजनदार, महागड्या गाड्यांतील डिझेल इंजिने टिकली, कारण पंधरा-वीस लाखांच्या गाडीच्या किमतीत गाळणीचा खर्च सहज लपतो. याचा परिणाम असा झाला की कमी इंधन जाळणारी छोटी डिझेल गाडी गेली आणि जास्त इंधन जाळणारी मोठी गाडी राहिली. नियम सर्वांना सारखा होता. बाजाराने तो गरिबाला आणि श्रीमंताला वेगवेगळा लागू केला.

मोठ्या गाड्यांच्या उत्पादकांना नियमांतून वाट काढण्याची कला चांगलीच अवगत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सी.सी. आणि त्याहून अधिक क्षमतेच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. दुसऱ्याच महिन्यात महिंद्र कंपनीने १.९९ लिटरचे इंजिन पुढे आणले. ऑगस्ट २०१६ मध्ये गाडीच्या किमतीवर एक टक्का आकार घेऊन ती बंदी उठवण्यात आली. फोक्सवॅगनने तर कायद्याची उघड फसवणूक केली. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी संगणकप्रणाली त्या कंपनीने जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. धुराची मोजणी उत्पादकाच्या सचोटीवर सोडता येत नाही, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

छोट्या डिझेल गाडीची भरभराट तरी कोणाच्या पैशावर झाली? शेतकऱ्याचा पंप, एस.टी.ची गाडी आणि मालवाहतूक स्वस्त राहावी म्हणून सरकार डिझेलचा दर कमी ठेवत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. २०१२ मध्ये दोहोंतील तफावत दिल्लीत लिटरमागे तीस रुपयांच्या घरात गेली. मोटार कंपन्यांनी या तफावतीचे सोने केले. २०१२-१३ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मुक्त झाले आणि नफ्याचे गणित फिरले. म्हणजे सार्वजनिक पैशाच्या आधारावर बाजार उभा करावयाचा, तेथे मिळेल तो नफा खाजगी खात्यात जमा करावयाचा, आणि गणित बिघडताच निघून जावयाचे. मागे राहतात ते चालक, मेकॅनिक आणि कामगार.

कामगारांची कथा विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मानेसरच्या मारुती कारखान्यातील कामगारांनी लढा पुकारला, तेव्हा सुझुकी पॉवरट्रेन या इंजिन कारखान्यातील कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी काम बंद ठेवले. हीच डिझेल इंजिने घडवणारे ते हात होते. कंत्राटी आणि कायम कामगारांनी एकमेकांसाठी उभे राहावे, हे त्या लढ्याचे वैशिष्ट्य. परंतु एखादे इंजिन बंद होते तेव्हा ही एकजूट नेमकी जेथे कच्ची आहे तेथेच तुटते. कायम कामगाराला दुसऱ्या विभागात हलवले जाऊ शकते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत कंत्राटाची मुदत संपली एवढे कारण पुरते. त्याच्या जाण्याला कपात म्हणत नाहीत, मग भरपाई कोठून असणार? त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपातीसाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपुरती मर्यादित केली आहे. नियम धुराबाबत कडक होत असताना मालकाबाबत सैल होत आहेत.

हा प्रश्न एका इंजिनापुरता असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत सिलिंडर नाही, पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, इंजेक्टर नाही. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीत ओतकाम करणारे, भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपांत लेथवर उभे राहणारे असंख्य कामगार याच सुट्या भागांवर पोट भरतात. रांजणगावात आणि मानेसरला एका इंजिनाच्या बाबतीत जे घडले, ते उद्या संपूर्ण इंजिन उद्योगाच्या बाबतीत घडू शकते. त्या वेळीही हवा शुद्ध करण्याचा निर्णय योग्यच असेल, आणि त्या वेळीही त्याची किंमत कोणी द्यावी हे कंपनीच्या खातेवहीवर सोडले, तर ती याच माणसांच्या माथी पडेल.

म्हणून चळवळीने आजच काही ठोस मागण्या मांडल्या पाहिजेत. उत्पादन बंद करणाऱ्या कंपनीने कंत्राटी कामगारांसह प्रत्येक कामगाराची यादी जाहीर करावी आणि त्यांच्या भरपाईची व नव्या प्रशिक्षणाची जबाबदारी उचलावी. त्यासाठी लागणारा निधी मोठ्या खाजगी गाड्यांवरील वाढीव करातून उभारावा. नव्या इंजिनांतील दोष शोधणारी साधने आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी स्वतःच्या सेवाकेंद्रांपुरती कोंडून न ठेवता गावच्या मेकॅनिकलाही वाजवी दरात खुली करावी. जुनी गाडी मोडीत काढावयाची झाल्यास स्वतः चालवणाऱ्या मालक-चालकाला भरपाई आणि कमी व्याजाचे कर्ज मिळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एस.टी. आणि महापालिकांच्या बससेवा सक्षम कराव्यात. कारण भरलेली बस ही कितीही स्वच्छ धूर सोडणाऱ्या मोटारींच्या रांगेपेक्षा हवेला आणि गरिबाला अधिक उपकारक असते.

या मागण्या घेऊन कोणाकडे जावयाचे, हे समाजवादी चळवळीला नव्याने शिकवण्याची गरज नाही. जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईच्या टॅक्सीचालकांना संघटित केले. बाबा आढाव यांनी पुण्यात रिक्षा पंचायत उभी केली. टॅक्सीतळ, रिक्षाथांबा, गॅरेज आणि फाउंड्रीचे फाटक ही चळवळीची जुनीच ठिकाणे आहेत. तेथे जाऊन दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्यांनी दाखवले पाहिजे : धूर गेलाच पाहिजे, आणि धुराबरोबर माणूस जाता कामा नये. पहिली गोष्ट न्यायालये आणि सरकार कमीअधिक प्रमाणात बोलत आहेत. दुसरी बोलणारा संघटित आवाज उभा राहिला नाही, तर ती कोणीही बोलणार नाही.