यादीला पहिला बळी लागतो

माझ्या एका शाळासोबत्याचा छोटा छापखाना आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळी अंकांची कामे ऐन भरात असताना सकाळीच त्याचा फोन आला, "अरे, एकही फाइल उघडत नाहीये. सगळ्या नावांपुढे कसलीतरी विचित्र अक्षरं आलीत." मी पोचलो तेव्हा पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती आणि खाली कोपऱ्यात अँटिव्हायरसची हिरवी खूण तशीच झळकत होती. परवाना रीतसर विकत घेतलेला, अपडेट आदल्या रात्रीचे. दोन दिवसांनी त्याच अँटिव्हायरसने तीच फाइल नावानिशी पकडली. तोवर चार अंकांची पाने गेली होती. बैल गेला आणि झोपा केला!

हा प्रसंग सांगायचे कारण असे, की अँटिव्हायरसमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यालाच आज काही जणांचा विरोध आहे. त्यांचे आक्षेप तीन. एक, हे फक्त विक्रीसाठी चिकटवलेले नवे लेबल आहे. दोन, जुनी सिग्नेचरची पद्धत नेमकी होती. एआय नुसता अंदाज बांधते आणि निर्दोष फाइलला चोर ठरवते. तीन, तिला सहज फसवता येते. आक्षेप फुसके नाहीत, म्हणूनच एकेक नीट तपासायला हवा.

लेबल नवे असेल, वस्तू नवी नाही. आयबीएममधील टेसॉरो, केफार्ट आणि सॉर्किन या संशोधकांनी फ्लॉपीच्या काळातच बूट सेक्टरमधले व्हायरस ओळखायला न्यूरल नेटवर्क शिकवले होते. बूट सेक्टर जेमतेम ५१२ बाइट्सचा. त्यातल्या तीन-तीन बाइट्सच्या तुकड्यांवरून, आधी कधी न पाहिलेला व्हायरसही ताडता येतो, हे त्यांनी दाखवले आणि ते तंत्र आयबीएमच्या अँटिव्हायरसमध्ये वापरातही आले. त्यांचा निबंध १९९६ सालचा. जाहिरातवाल्यांना एआय हा शब्द सापडण्याच्या कितीतरी आधी प्रयोगशाळेला त्याची गरज भासली होती. जाहिरात फुगवलेली असते हे मान्य. पण म्हणून तंत्र पोकळ ठरत नाही.

दुसरा आक्षेप मुळातला आहे. सिग्नेचर म्हणजे काय? व्हायरसचा नमुना हाती लागतो, तज्ज्ञ त्यातली ओळख पटवणारी खूण शोधतात, चाचणी घेतात, ती खूण यादीत घालतात आणि यादी आपल्या कॉम्प्युटरवर येते. या साखळीची पहिलीच कडी पाहा. नमुना हाती लागायचा तर बहुतेक वेळा तो आधी कुणाला तरी डसलेला असावा लागतो. यादीला पहिला बळी लागतो. माझ्या मित्राच्या पदरी नेमके तेच आले. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेकडे रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रॅमची नोंद होते. म्हणजे दर सेकंदाला पाच. शिवाय यातले कित्येक प्रत्येक प्रतीगणिक आपले रूप पालटतात. या पुराला यादीचा बांध पुरेल, असे कोण म्हणेल?

आणि यादी तरी निर्दोष होती का? २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सिग्नेचर अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची 'एसव्हीसीहोस्ट' ही फाइलच व्हायरस ठरवली. जगभर असंख्य कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा दोष एकट्या एआयचा नाही.

मुळात 'नेमकेपणा' ही मागणीच अशक्य आहे. फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधात कॉम्प्युटर व्हायरसची व्याख्या केली, तिथेच हेही मांडले, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल असा प्रोग्रॅम असूच शकत नाही. हा गणिताचा निकाल आहे. जास्त पैसे ओतून तो बदलत नाही. तेव्हा निवड खात्री आणि अंदाज यांच्यात नाहीच. निवड आहे ती घटनेनंतरची खात्री आणि घटनेआधीचा अंदाज यांच्यात.

असा अंदाज काय करू शकतो, त्याचा दाखला ६ मार्च २०१८ चा. मीडियागेट या टॉरंट प्रोग्रॅमच्या विषारी अपडेटमधून डोफॉइल नावाचा ट्रोजन पसरला. तो विंडोजची खरी 'एक्सप्लोरर' फाइल सुरू करायचा, तिचा आतला गाभा काढून तिथे आपला कोड भरायचा आणि त्या वेषात आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम आणून बसवायचा. त्या प्रोग्रॅमचे नावही विंडोज अपडेटच्या खऱ्या फाइलचेच. पण नाव ओळखीचे असले तरी फाइल भलत्याच फोल्डरमधून चालत होती. घरात वायरमनचा गणवेश घालून आलेला माणूस थेट कपाटाकडे वळावा, तशी. विंडोज डिफेंडरने ही वागणूक हेरली, क्लाउडमधल्या मशीन लर्निंगच्या मॉडेलांनी क्षणार्धात कौल दिला आणि पुढच्या १२ तासांत चार लाखांवर हल्ले अडवले गेले. हा हिशेब मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे, हे ध्यानात ठेवूनही मुद्दा उरतोच: फाइल कोण आहे यापेक्षा ती काय करते आहे, हे पाहणारी नजर यादीकडे नव्हती.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सायलन्सच्या एआय अँटिव्हायरसला चकवून दाखवले. 'रॉकेट लीग' या खेळातला मजकूर घातक फाइलच्या शेपटाला जोडला, की मॉडेल तिला सज्जन समजे. यातून धडा कोणता घ्यायचा? मॉडेल मोडीत काढण्याचा नव्हे, त्याला एकटे न सोडण्याचा. ओळखीच्या चोरासाठी यादी स्वस्त आणि वेगवान आहे, ती राहू द्या. अनोळख्यासाठी एआय हवी. आणि खिडकीचे गज माणसानेच बसवायचे आहेत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा पॅच मार्चपासून उपलब्ध होता. तो लावायचा आळस कुठलीही बुद्धिमत्ता भरून काढत नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच: एआयला न्यायाधीश करू नका, पण दारावरच्या गुरख्याचे काम तिच्याकडून काढून घेऊ नका. संशय घेणे हे तिचे काम, शहानिशा करणे आपले. कॉम्प्युटर मंद होतो म्हणून क्लाउडचे संरक्षण बंद करणारे, फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरसाठी अँटिव्हायरसला तासभर झोपवणारे लोक आपण रोज पाहतो. तो एक तास पुरेसा असतो.

गेल्या पावसाळ्यात मित्राचा पुन्हा फोन आला. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मेलमधून बिलाची फाइल आली होती आणि नव्या अँटिव्हायरसने ती उघडू न देता बाजूला ठेवली होती. व्हायरसचे नाव दिले नव्हते, फक्त वागणूक संशयास्पद असल्याची सूचना होती. "खरं असेल का रे? सोडवून घेऊ का फाइल?" मी म्हटले, "आधी त्यांना फोन लाव." पाच मिनिटांत त्याने परत फोन केला. आवाज बसला होता. "ते म्हणतात, आम्ही काही पाठवलंच नाही."

या वेळी छापखान्यातले एकही पान गेले नाही. त्या फाइलचे नाव कुठल्या यादीत केव्हा चढले, याची चौकशी करायची गरजही त्याला पडली नाही.