दीडशहाण्यांची उजळणी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल आपल्या समाजात दोन गैरसमज पक्के आहेत. एक, त्याच्याजवळ पैसा असतो. आणि दोन, त्याचं गणित चांगलं असतं. पहिला गैरसमज महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्याकडे चहाला आलं की आपोआप दूर होतो. दुसरा मात्र टिकून आहे. त्यामुळे चाचणी परीक्षेची आदली संध्याकाळ आली, की शेजारपाजारची सहावी-सातवीची जनता वह्या घेऊन आमच्या दारात हजर होते. सोबत आलेल्या माउलीचं वाक्यही ठरलेलं असतं : "भाऊजी, गुणोत्तर आणि परिमेय संख्या. सगळं येतं हो त्याला, तुम्ही फक्त उजळणी घ्या!"

या 'फक्त उजळणी'वर माझा दात आहे.

ही उजळणी म्हणजे काय असते? तर तीन मंत्र असतात. बेरीज आली की छेद सारखे करा. भागाकार आला की दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा. आणि काहीच सुचलं नाही की तिरकस गुणाकार करा. का करा, हे विचारायचं नाही. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेला यजमान जसा गुरुजींनी सांगितलं की पळीभर पाणी सोडतो, तसा हा चिरंजीव अंश-छेदांवर पाणी सोडत असतो.

नमुना घ्या. चार मजूर एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर आठ मजूर किती दिवसांत बांधतील? चिरंजीवांनी तिरकस गुणाकार केला आणि बारा दिवस काढले. मी म्हटलं, "अरे, मजूर दुप्पट केले तर काम लांबेल का?" कार्टं शांतपणे म्हणालं, "काका, आपल्या समोरच्या रस्त्याचं तसंच झालंय." यावर कोण काय बोलणार? उत्तर तीन दिवस आहे, हे त्याला पटवायला मला आधी नगरपालिका बाजूला ठेवावी लागली.

दुसरा नमुना. वर्गात मुलगे आणि मुली यांचं गुणोत्तर 2:3, एकूण मुलं 40. तर मुलगे किती? त्याने 40 चे दोन-तृतीयांश केले आणि सव्वीस पूर्णांक दोन-तृतीयांश मुलगे वर्गात बसवले. तो दोन-तृतीयांश मुलगा कोण, हे वर्गशिक्षकच जाणोत! दोन वाटे मुलगे, तीन वाटे मुली, म्हणजे वर्गाचे वाटे पाच, हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं. छेदात तीन येणार नाही, पाच येणार. मग मुलगे 16 आणि मुली 24. एकही मूल कापावं लागत नाही.

आणि गंमत अशी, की याच पोराला मी विचारलं, "तीन किलो साखरेच्या पावकिलोच्या पुड्या किती होतील?" तो तोंडातला लाडू न गिळता म्हणाला, "बारा." मग विचारलं, "तीन भागिले एक-चतुर्थांश?" लगेच चेहरा पडला आणि वही उघडली गेली. प्रश्न तोच, उत्तर तेच; पण पहिला प्रश्न किराणा दुकानातला आणि दुसरा गणितातला! माझं भांडण आहे ते या भिंतीशी. ही भिंत चार मजुरांनी बांधलेली नाही. आदल्या रात्रीच्या उजळण्यांनी ती वीट वीट करून चढवली आहे.

खरं म्हणजे मराठी माणसाला परिमेय संख्या शिकवण्याची वेळच येऊ नये. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. त्यांतला अर्धा म्हणजे नाना फडणीस. तलवारीचा पेपर कच्चा म्हणून त्यांचे अर्धे मार्क कापले म्हणतात. शनी आपल्या मागे लागतो तोही साडेसात वर्षं. एक तीळ सात जणांत वाटून खायला आपण सांगतो. तो वाटा दशांशात लिहायला बसलं तर 142857 हे सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात, जन्म संपला तरी तीळ संपत नाही! आणि ज्याला शहाणपण जास्त झालं त्याला आपण 'दीडशहाणा' म्हणतो. म्हणजे तीन छेद दोन. इतकं अचूक मोजमाप करणारी भाषा घरात असताना तिच्या पोराला तीन छेद दोन बघून घाम फुटतो.

कुणी म्हणेल, जुन्या पिढीने तरी काय केलं? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलीच ना? घोकली. पण घोकून झाल्यावर पोर दुकानात जात होतं आणि सव्वा शेराचा हिशेब तोंडी करून येत होतं. त्याही आधी भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती' पुरी केली. तिच्यात त्रैराशिकासाठी त्यांनी आपल्याला थेट बाजारात नेलं आहे : तीन-सप्तमांश निष्काला अडीच पळं केशर, तर नऊ निष्कांना किती? नवात तीन-सप्तमांश एकवीस वेळा जातात, म्हणून एकवीस वेळा अडीच, साडेबावन्न पळं. केशराचा वास येतो म्हणून हिशेब समजतो.

आता पालकांचा बिनतोड सवाल : "ते सगळं खरं हो, पण उद्या पेपर आहे. मार्क नकोत का?" मार्क हवेतच. पण मार्कसुद्धा मंत्राने जातात, हे बारा दिवसांच्या भिंतीवरून दिसलंच. अर्धा अधिक एक-तृतीयांश बरोबर दोन-पंचमांश लिहिणाऱ्याने नुसतं इतकं पाहावं : अर्धी पोळी खाल्ली, वर आणखी खाल्ली, आणि एकूण अर्ध्याहून कमी कशी झाली? वजा पाऊण मोठा की वजा अर्धा, असा घोळ पडला तर 750 रुपयांची उधारी बरी की 500 ची, हे आईला विचारावं. म्हणून आदल्या रात्री मी तीनच प्रश्न विचारायला लावतो. तुलना कशाची कशाशी? उत्तर मोठं येणार की लहान? आणि आलेलं उत्तर शहाण्या माणसासारखं दिसतं का? याला छेद सारखे करण्याइतकाही वेळ लागत नाही.

आणि मार्कांचं एक वेळ सोडा. हीच मुलं वीस वर्षांनी माझ्या काउंटरसमोर उभी राहतात, त्याची मला धास्ती आहे. एक गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुमचे बारा टक्के महाग पडतात. आमचा सावकार शेकडा तीनच घेतो." तो तीन महिन्याला घेत होता, वर्षाचे छत्तीस झाले. दुसऱ्याने 24,000 चा फ्रीज 'फक्त दहा टक्के' व्याजाने बारा हप्त्यांवर घेतला. व्याज 2,400, हप्ता 2,200. हिशेब चोख. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, त्यामुळे वर्षभर त्याच्या अंगावर 24,000 नव्हतेच, सरासरी 13,000 होते. 2,400 छेद 24,000 म्हणजे दहा टक्के. 2,400 छेद 13,000 म्हणजे अठराच्या वर! अंश तोच. दुकानदाराने फक्त छेद बदलला, आणि गिऱ्हाईक हसत हसत सही करून आलं. हा माणूस शाळेत नापास झालेला नव्हता. सरळव्याजाचं सूत्र त्याला आजही पाठ आहे.

अंशाकडे सगळ्या जगाचं लक्ष असतं, कारण तो वर बसतो. जाहिरातीत, भाषणात, 'फक्त'च्या पुढे छापतात तो अंश. छेद बिचारा रेघेखाली अंधारात असतो, आणि फसवणारा हात नेहमी त्याच अंधारातून फिरतो. तेव्हा माउल्यांनो, पोराला खुशाल माझ्याकडे पाठवा. तिरकस गुणाकार मी शिकवीन, पण सर्वांत शेवटी. आधी तो रेघेखाली वाकून बघायला शिकेल. पेपर उद्याचा आहे खरा, पण छेद जन्मभराचा आहे.