विस्मृतीची गर्ता

चारकोपला विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एक वाक्य आम्हांला वारंवार भेटते: बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विस्मृतीच्या गर्तेत गेली. इंग्रजीतील 'फॉल इन्टू ऑब्लिव्हियन' मनात ठेवूनच हे लिहिले जाते. पण तो वाक्प्रचार कुणाच्याच स्मरणात न उरलेल्या गोष्टीसाठी आहे. विधवांच्या दुःस्थितीवरील या कादंबरीचे नाव तर, मराठीतील आद्य कादंबरी म्हणून, विद्यार्थ्यांना सनासकट पाठ असते! ती विस्मृत नाही, अपठित आहे. शिवाय 'गर्तेत गेली' म्हटले की दोष कुणाचाच उरत नाही. इंग्रजीत 'कन्साइन टू ऑब्लिव्हियन' असेही म्हणतात. तेथे ढकलणारा गृहीत असतो. आम्हां अध्यापकांपैकी कितीजणांनी ती शेवटपर्यंत वाचली, हे स्टाफरूममध्ये आम्ही अद्याप विचारलेले नाही.