मीटरभराचा जिताडा म्हणजे मादी

पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत एकच मासा दिसू लागतो. रायगडचा जिताडा, गोव्याचा चोणक. बहुतेक फोटो एकाच घाटाचे असतात: जबड्यात अडकवलेला वजनकाटा, त्याला उभा लोंबकळणारा मोठा मासा आणि शेजारी गरवणाऱ्याचा फुललेला चेहरा. तो आनंद आम्हाला कळतो. खाडीच्या मचूळ पाण्यात, ओहोटीला, कांदळवनाच्या कडेला लुअर टाकून जिताडा लावणं सोपं नाही. पण या महिन्यात आम्हाला त्या फोटोतल्या माशाबद्दल बोलायचं आहे. तो मासा जवळजवळ नेहमी मादी असतो, आणि अंडी घालायला निघालेली असते.

जिताडा जन्मतः नर असतो. तीन-चार वर्षांचा, साधारण 60 सेंटिमीटरचा झाला की तो नर म्हणून वयात येतो, एक-दोन हंगाम त्या भूमिकेत काढतो आणि मग त्याची मादी होते. ऑस्ट्रेलियात या माशाला बॅरामुंडी म्हणतात. तिथल्या अभ्यासांत हा बदल साधारण 80 ते 100 सेंटिमीटर लांबीच्या दरम्यान होताना दिसला आहे. पाण्यानुसार ही मापं थोडी पुढेमागे होतात, क्रम मात्र तोच राहतो. म्हणजे मीटरभराचा, बारा-तेरा किलोचा मासा आपण उचलतो, तेव्हा आधी नर म्हणून जगून, जाळी, गळ आणि प्रदूषण चुकवून मादी होण्यापर्यंत पोचलेला जीव आपण उचलतो. अशी एक मोठी मादी एका हंगामात कोटींच्या घरात अंडी देते. तिची जागा भरायला दुसऱ्या नराला आणखी काही वर्षं जगावं लागतं. एखाद्या खाडीतून मोठे मासे वेचून काढले, तर तिथे लहान मासे भरपूर दिसत राहतील, पण ते सगळे नरच असतील.

आता हंगामाचं पाहा. जिताडा गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो, पण त्याच्या अंड्यांना खारं पाणी लागतं. म्हणून पावसाळ्यात मोठे मासे नदीतून, खाजणातून खाली उतरून खाडीच्या तोंडाशी जमतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास अंडी घालतात. उधाणाची भरती ती अंडी आणि पिल्लं आत, खारफुटीत आणि खारेपाटातल्या भातखाचरांत घेऊन येते. धरमतर, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी या खाड्यांवर वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटातले शेतकरी पावसात हीच पिल्लं धरून घराशेजारच्या तळ्यात सोडत आले आहेत आणि जावयाच्या पाहुणचाराला त्याच तळ्यातला जिताडा काढत आले आहेत. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. खाडीच्या काठावर रॉड घेऊन उभ्या राहणाऱ्याला ती अडवत नाही. नेमक्या याच दिवसांत आपण सगळे काठावर असतो.

खाडीच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडप, पावसाळ्यात ज्याने पाहिली आहे त्याला आपण तिथे का जातो हे सांगावं लागत नाही. भरती वळली की बांधाच्या आतलं गढूळ पाणी उघाडीतून जोराने बाहेर पडतं. त्याबरोबर बोयटं आणि कोळंबी वाहत येतात. जिताडा प्रवाहाच्या धारेत राहत नाही. तो धारेच्या कडेला, संथ पाण्यात, खांबाच्या किंवा मुळ्यांच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. लुअर धारेत टाकून कडेच्या संथ पाण्यात वाहू द्यावं, तिथे क्षणभर थांबवावं. तोंड उघडून पाणी आत ओढतानाचा तो ‘भप्प’ आवाज आधी येतो, झटका मागून. पहिल्या काही क्षणांत मासा मुळ्यांकडे धावतो, आणि सामान कसलं आहे ते तिथेच कळतं.

म्हणून आमचं पहिलं सांगणं सामानाबद्दल. हलक्या दोरीवर मोठा मासा आणल्याची बढाई आपल्याकडे फार चालते. कोकणातल्या खाडीचं पाणी उबदार, त्यात प्राणवायू कमी. अशा पाण्यात अर्धा तास खेळवलेला मासा पोहत निघून गेला तरी नंतर मरू शकतो. मुळ्यांच्या जागी 30 ते 40 पौंडी ब्रेड, 40 ते 60 पौंडी लीडर आणि घट्ट ड्रॅग ठेवा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते आणि जबडा कानशीसारखा खरखरीत, तेव्हा जाड लीडर तसाही हवाच. लीडर तुटून गळ तोंडात घेऊन गेलेल्या माशाला आपण सोडलं असं म्हणता येत नाही.

दुसरं गळाबद्दल. आपण वापरतो त्यातली बरीच लुअर अमेरिकेतल्या लार्जमाउथ बाससाठी घडवलेली आहेत. त्यांचे बारीक तिहेरी गळ मोठ्या जिताड्याच्या एका हिसक्यात सरळ होतात, किंवा एक गळ जबड्यात आणि दुसरा डोळ्याजवळ रुततो. पाकिटातून काढलेलं लुअर तसंच पाण्यात टाकू नका. स्प्लिट रिंग मजबूत घाला, तिहेरीच्या जागी जाड एकेरी गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. वजन बदललं की लुअरची चाल बदलते, म्हणून आधी काठाशी ओढून पाहा. दोरी ताणलेली ठेवली तर काटा दाबलेल्या गळावरून मासा सहसा सुटत नाही. जिवंत कोळंबी किंवा बोयट लावून तंगूस टाकणाऱ्यांनी सर्कल हूक वापरावा. मासा आमिष घेऊन निघाला की हिसका देऊ नये, दोरी नुसती ताणू द्यावी. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. गेलाच तर आत हात घालून खेचू नका. लीडर तोंडाशी कापा.

तिसरं हाताळण्याबद्दल. गाठींचं नायलॉनचं जाळं माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतं आणि पर फाडतं. रबरी जाळं घ्या. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा. हात ओले करा. फोटो हवाच असेल तर आडवा धरा, एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली. दहा किलोचा मासा जबड्याला उभा टांगला की त्याचं सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतं. पाण्यात आडवा राहणाऱ्या शरीराची ती घडणच नाही. पाण्याबाहेर त्याला तेवढाच वेळ ठेवा, जेवढा वेळ तुम्ही स्वतःचा श्वास रोखू शकाल. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतःच्या बळाने शेपूट मारेपर्यंत थांबा.

बासची गोष्ट इथे उपयोगाची आहे. अमेरिकेत बासच्या स्पर्धांचा पसारा उभा करणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 मध्ये, पकडलेला मासा मारू नका, अशी मोहीम आपल्याच स्पर्धकांपुढे ठेवली. त्या आधी स्पर्धेतले मासे मरणं हे गृहीतच होतं. बोटीत हवा खेळती असलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या, मेलेल्या माशाला गुण कमी झाले. टेक्सास राज्याने 1986 मध्ये 13 पौंडांवरच्या बासची मादी गरवणाऱ्यांकडून जिवंत घेऊन तिची पैदास करण्याची योजना सुरू केली. हे बदल गरवणाऱ्यांच्या सहभागानेच रुजले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने बॅरामुंडीसाठी दोन्ही टोकांना माप ठरवलं: 58 सेंटिमीटरच्या आतला आणि 120 सेंटिमीटरच्या वरचा मासा ठेवायचा नाही.

मासा सोडणं हे कर्मकांड मात्र नव्हे. जपानच्या बिवा सरोवरात 2009 मध्ये जागतिक विक्रमाच्या बरोबरीचा बास मिळाला, पण बास तिथला उपरा आणि स्थानिक माशांना घातक, म्हणून त्याला पुन्हा पाण्यात सोडायला तिथे मनाई आहे. आपल्याकडे तिलापिया किंवा आफ्रिकी मांगूर गळाला लागला तर तो परत सोडण्यात पुण्य नाही. जिताडा या खाड्यांचा आहे, म्हणून त्याच्या मादीसाठी हा आग्रह.

यावर नेहमी एक प्रश्न येतो: जाळ्यात रोज मासे जातात, मग आमच्या एका माशाने काय होतं? कोळी आणि भोई बांधवांचा मासा हे त्यांचं पोट आहे, आपला छंद आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सूट मागता येणार नाही. शिवाय खाडीतल्या जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचं माप, ठरलेला असतो. त्यात न अडकणारा मोठा मासा नेमका आपल्या लुअरवर येतो. खाण्यालाही आमचा विरोध नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने 1997 मध्ये या माशाची बंदिस्त पैदास साधली. तळ्यातला आणि पिंजऱ्यातला जिताडा आज बाजारात मिळतो. खाडीतला हवा असेल तर 60 ते 80 सेंटिमीटरच्या दरम्यानचा एखादा घरी न्या. त्याहून लहान आणि त्याहून मोठा परत जाऊ दे.

आमच्यापुरता निर्णय आम्ही घेतला आहे. या अंकापासून उभा टांगलेल्या जिताड्याचा फोटो छापला जाणार नाही. वजनाची नोंदही घेणार नाही, पाण्यालगत टेपने मोजलेली लांबी घेऊ. 80 सेंटिमीटरच्या वरचा मासा सोडला असेल तरच त्याची नोंद होईल. जून ते ऑगस्टमध्ये खाडीच्या तोंडाशी मिळालेल्या मोठ्या जिताड्याची नोंद कोणत्याही अटीवर घेतली जाणार नाही. वाचकांना विनंती एवढीच: हे तीन महिने उधाणाच्या दिवसांत खाडीचं तोंड सोडा, आतल्या उघाड्यांवर गरवा, आणि पहिल्या फेरीला निघण्याआधी आजच पक्कड घेऊन डब्यातल्या प्रत्येक गळाचा काटा दाबून टाका.